चार इंचांची माया

मानेचा एमआरआय काढायचाय आणि लिफ्टचं दार लागलं तरी छातीत धडधडतं, अशा ठाणेकरांसाठी हे लिहितेय. ज्यांना असलं काही होत नाही त्यांनी जवळचं, परवडेल ते सेंटर गाठावं आणि मोकळं व्हावं.

माझा एमआरआय दोन सेंटरांत मिळून झाला. म्हणजे पहिल्यात झाला नाही, दुसऱ्यात झाला. पहिलं स्टेशनच्या बाजूला, दुसरं घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे. दोघांचीही नावं लिहीत नाही. पहिल्याचं लिहिलं तर भांडण होईल आणि दुसऱ्याचं लिहिलं तर लोक म्हणतील कमिशन खाते. माझ्या गिऱ्हाइकांना दुकान माहीत आहे, त्यांनी येऊन विचारावं. दुसऱ्या सेंटरला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

नौपाड्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली, सगळी मान खाली घालून. यंदाच्या लगीनसराईत उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. कामाच्या गडबडीत लक्ष दिलं नाही. मग सुईत दोरा ओवता येईना, बॉबिन हातातून सुटायला लागली. एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाउजपीसवर कात्री वाकडी गेली, त्या दिवशी मात्र पाय लटपटले. (पीस वाचला, बाहीला पायपिंग लावून झाकलं. बाईंना फॅशन वाटली.) हाडांच्या डॉक्टरांनी मान वळवून बघितली, कोपरावर हातोडी मारली आणि म्हणाले, "एक्स-रेत हाडं दिसतील, पण नस कुठे दाबली जातेय ते बघायला एमआरआयच लागेल."

आता माझ्या भीतीचं. मी मूळची डोंबिवलीची. सात-आठ वर्षांची असताना आईबरोबर भायखळ्याला मामाकडे निघाले होते आणि आमची फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात थांबली. तेव्हा फास्ट गाड्या त्याच बोगद्यातून जायच्या. १९१६ सालचा बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब. दिवे गेले, पंखे थांबले, आणि कुणाचं तरी मासळीचं टोपलं माझ्या तोंडाला टेकलेलं. आई म्हणायची पाच मिनिटं थांबली असेल गाडी. माझ्या हिशेबात ती अजून सुटलेली नाही. तेव्हापासून लिफ्ट नाही, चौथ्या मजल्यावरचं माप घ्यायचं असलं तरी जिनाच. श्रावणी सोमवारी कोपिनेश्वराला जायचं तर पहाटे, गर्दी व्हायच्या आत.

पहिल्या सेंटरला यातलं काही सांगितलं नाही, ही माझी चूक. पण त्यांनी विचारलंही नाही. साडेपाच हजार भरले, गाऊन घातला, आडवी झाले. मानेच्या एमआरआयला चेहऱ्यावर एक प्लास्टिकचा पिंजरा बसवतात. कॉइल म्हणतात त्याला. विकेटकीपरच्या हेल्मेटची जाळी डोळ्यांसमोर आणा, तसं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पिंजरा खट्कन बसला, हातात रबराचा एक चेंडू दिला, "हलू नका मावशी," मशीनवरचा माणूस म्हणाला आणि टेबल आत सरकायला लागलं. आत गेल्यावर मी डोळे उघडले. नाकासमोर पांढरं छत. पुढचं मला नीट आठवत नाही. मी ओरडले असणार, कारण बाहेर बसलेल्या नणंदेला ऐकू आलं. बाहेर काढल्यावर त्या माणसाने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "लहान लहान मुलं करतात मावशी." पुढचा पेशंट दारातच उभा होता. मी चपला हातात घेऊनच बाहेर आले. निम्मे पैसे परत मिळाले, तेही वन्संनी काउंटरवर आवाज चढवल्यावर.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. शेजारीण म्हणाली, "अगं, त्यात काय, मी काढला की, दोन मिनिटांत झाला." चौकशी केली तर तिचा सिटी स्कॅन होता. लोक हे दोन्ही एकच समजतात म्हणून लिहिते. सिटी स्कॅनचं मशीन म्हणजे मेदूवडा, तुम्ही त्याच्या भोकातून आरपार सरकता. त्यात एक्स-रे असतात आणि काम झटपट उरकतं. एमआरआय म्हणजे बांगड्यांचा डबा, त्यात निजून राहायचं. त्यात एक्स-रे नसतात. असतं ते मोठं चुंबक आणि रेडिओच्या लहरी. शरीरातल्या पाण्यातून जो बारीक संदेश परत येतो तो पकडायला अंगाजवळ एरियल लागतं, आणि तो चेहऱ्यावरचा पिंजरा म्हणजे ते एरियल. हे मला आधी कळलं असतं तर पिंजऱ्याचा निम्मा राग गेला असता.

डॉक्टरांकडे परत गेले, मान खाली घालून. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी वाटा सांगितल्या. उघड्या बाजूंचा एमआरआय मिळतो, पण त्यातलं चुंबक बहुतेक वेळा कमी ताकदीचं असतं, चित्र तितकं बारीक येत नाही, आणि मला बघायची होती ती सुतासारखी नस. पूर्ण भूल देऊनही काढतात. त्याला उपाशी राहायचं, भूलतज्ज्ञ हजर पाहिजे, खर्चही वाढतो, त्यामुळे तो शेवटचा उपाय. गुडघा किंवा पाऊल असतं तर पायाकडून आत जाता आलं असतं आणि डोकं बहुतेक बाहेरच राहिलं असतं. मान म्हणजे डोकं आधी. राहिली शांत करणारी एक गोळी आणि मोठ्या तोंडाचं मशीन. "वाइड बोअर विचारा," म्हणाले, "आणि किती सेंटिमीटर ते विचारा. नुसतं मोठं आहे म्हणाले तर ऐकू नका."

हे मला पटलं. 'मोठा गळा' म्हणणाऱ्या बाईलाही मी इंच विचारल्याशिवाय कात्री लावत नाही.

माझा भाचा कॉलेजात आहे, त्याने मोबाइलवर शोधून सांगितलं की जुनी मशिनं ६० सेंटिमीटरची असतात आणि ७० सेंटिमीटरची २००४ पासून आली. दुकानात जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून मी खडूने दोन्ही गोल काढले. ६० सेंटिमीटर म्हणजे साडेतेवीस इंचांच्या वर चिमूटभर, ७० म्हणजे साडेसत्तावीस. फरक चार इंचांचा. माझे खांदे हातांसकट एकोणीस इंच. म्हणजे दोन्हींत मी मावते. नाकासमोर हिशेब केला तर जेमतेम दोन इंच जास्त मिळतात. दोन इंचांनी काय होतं, असं आमचे हे म्हणाले. शिवणात आतल्या बाजूला जे जादा कापड सोडतो त्याला आम्ही माया म्हणतो. दोन्ही बाजूंना इंच-इंच माया असलेला ब्लाउज आणि नसलेला ब्लाउज यांत काय फरक असतो, ते दिवाळीनंतर कुठल्याही बाईला विचारा.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. माणसाच्या शरीराचं पहिलं एमआरआय चित्र अमेरिकेत ३ जुलै १९७७ला निघालं. डॉक्टर रेमंड डमाडियन यांनी मशीन बनवलं आणि आधी स्वतःच त्यात बसले, पण काही उमटलं नाही. मग त्यांचा एक सडपातळ विद्यार्थी बसला. छातीच्या एका चित्राला जवळजवळ पाच तास लागले! पुढे २००३ साली या शोधाचं नोबेल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड या दोघांना मिळालं आणि डमाडियन राहिले बाजूला. त्यांनी वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती देऊन तक्रार केली म्हणे. कोण बरोबर ते मला ठाऊक नाही. पण शिवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही एवढं मला माहीत आहे, त्यामुळे माझं मत डमाडियनना.

मग फोन. चार सेंटरांना केले. तिघांकडून उत्तर आलं, "मॅडम, मशीन मोठी आहे, काही त्रास नाही होत." चौथ्याकडे, मानपाड्याला, काउंटरवरची बाई म्हणाली, "थांबा, आत विचारते," आणि तिने चक्क टेक्निशियनलाच फोन दिला. तरुण मुलगी. "७० सेंटिमीटर, १.५ टेस्ला," ती म्हणाली (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) आणि पुढे तिनेच विचारलं, "काकू, आधी कुठे अर्धवट राहिलंय का?" मी सगळं सांगितलं, बोगद्यासकट. तिने मध्ये तोडलं नाही. म्हणाली, सकाळी सातचा पहिला नंबर घ्या, म्हणजे आधीचे पेशंट लांबले म्हणून ताटकळत बसायला नको, बसलं की भीती फुगते. आणि जमलं तर आदल्या दिवशी नुसतं बघायला या.

नुसतं बघायला! मला वाटलं चेष्टा करतेय. पण गेले. तिने खोलीच्या दारातूनच दाखवलं, उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, कारण ते चुंबक रात्रंदिवस चालू असतं, मशीन काम करत नसलं तरी. आत उणे २६९ अंशांचं द्रवरूप हेलियम असतं, त्यानेच ते चुंबक ताकदवान राहतं. पृथ्वीच्या चुंबकापेक्षा साधारण ३०,००० पट, असं तिने सांगितलं. मी दारात उभी राहून बघितलं. दोन्ही बाजूंनी उघडं होतं! पलीकडची भिंत दिसत होती, भिंतीवरचं पेल्मेटही. पहिल्या सेंटरला मला वाटलं होतं की मागून बंद आहे, ताबूतासारखं. आत दिवा होता, पंख्याचा वारा होता. या बघण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. फुकट मिळालेल्या गोष्टीला मी सहसा नावं ठेवते, याला ठेवता येत नाही.

त्या मुलीनेच सुचवलं म्हणून घरी सराव केला. घरी म्हणजे दुकानात. कटिंगच्या टेबलाखाली चटई टाकून निजायचं, वरून चादर सोडायची, आणि भाच्याने मोबाइलवर एमआरआयचा आवाज लावायचा. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी बारा मिनिटं राहिले, पण त्याच वेळी देशपांडे बाई फॉल न्यायला आल्या. टेबलाखालून माझे पाय बाहेर आणि मोबाइलमधून ढण्ढण्ढण्. "ताई, टाचण्या सांडल्या का?" हो म्हटलं. त्याही बिचाऱ्या वाकून शोधायला लागल्या.

ठरल्या दिवशी सकाळी सव्वासहाला रिक्षा पकडली. त्या वेळी घोडबंदर रोड मोकळा असतो, हाही सातच्या नंबरचा फायदा. नंतर मेट्रोच्या खांबांखालून जायचं म्हणजे सेंटरला पोचायच्या आधीच जीव गुदमरतो. निघायच्या आधी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घेतली. हो, घेतली. काही लोक सांगतात तसं मनाच्या ताकदीवर वगैरे नाही केलं मी. गोळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही मेडिकलवाल्याकडे मागायला जाल. ज्याला दमा आहे, जो झोपेत फार घोरतो, ज्याला दुसऱ्या गोळ्या चालू आहेत, त्याला ती कदाचित चालणारही नाही. डॉक्टरांनाच विचारायचं. आणि सोबत माणूस हवंच. दिवसभर स्कूटर चालवायची नाही, आणि माझ्यापुरतं म्हणजे कात्रीही नाही.

फॉर्म भरताना बरंच विचारतात. पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप बसवलीय का, कानात इम्प्लांट आहे का, डोळ्यात कधी धातूचा कण गेलाय का. मंगळसूत्र, बांगड्या, पिना काढल्या. जोडवी निघेनात, तर साबण आणून दिला. मी म्हटलं, चांदीला चुंबक ओढतं का? "नाही ओढत, पण तापू शकते आणि चित्र खराब करते." मग तिने हातातली धातू शोधायची काठी माझ्यावरून फिरवली आणि कॉलरपाशी ती वाजली. कुर्त्याच्या कॉलरला आतून सुई टोचलेली! सव्वीस वर्षांची सवय, काम करता करता सुई कॉलरला लावायची. तिने ती दोन बोटांत धरून मला दाखवली, बोलली काही नाही. गाऊन घालायचाच होता, पण मुळात सुई आहे हे माझ्या गावीही नव्हतं. आणि गळ्यातला टेप! त्याच्या दोन्ही टोकांना पत्रा असतो. तोही लॉकरमध्ये गेला.

हे लोक धातूबद्दल एवढे कडक का, असं वाटत असेल तर आठवा. २०१८च्या जानेवारीत मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला आणि पेशंटबरोबर आलेल्या तरुण नातेवाइकाचा जीव गेला. त्यामुळे कुणी सेफ्टी पिन शोधायला पाच मिनिटं घालवत असेल तर घालवू द्यावीत. जे सेंटर घाईत आत ढकलतं, त्याला माझे तारे नाहीत.

नणंदेलाही आत येऊ दिलं. तिचाही फॉर्म, तिचीही जोडवी, तिच्याही कानात बोळे. पायाशी स्टूल दिलं, लाकडी. "काकूंचा पाय धरून बसा," असं सांगितलं. वन्सं आणि मी गेल्या दिवाळीपासून धड बोलत नव्हतो, हा वेगळा विषय.

डोळ्यांवर ठेवायला मी घरून मऊ मलमलची घडी नेली होती. त्या मुलीने ती उलगडून उजेडात धरली. जर आहे का बघत होती. जरीतही धातू असतो, मीच विसरले होते! जर नव्हती. तिने पिंजऱ्यावर बसवायचा आरसाही दाखवला, त्यातून पायांकडची खोली दिसते, म्हणजे आपण नळीत आहोत असं वाटत नाही. बऱ्याच जणांना तो आवडतो म्हणे. मी घडीच पसंत केली. तिने एकच गोष्ट बजावली, आणि सगळ्या लिखाणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: डोळे आत जायच्या आधी मिटायचे, आत गेल्यावर नाही.

मग रबरी चेंडू हातात दिला आणि म्हणाली, "दाबून बघा." दाबला. बाहेर भोंगा वाजला, स्पीकरमधून तिचा आवाज आला, "बोला काकू." पहिल्या सेंटरलाही हाच चेंडू दिला होता, पण तो कशाचा हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तो नुसता धरून बसले होते, प्रसादाच्या लाडवासारखा. मग तिने मला गळ्यापर्यंत आत नेलं आणि बाहेर आणलं. परत नेलं, परत आणलं. चित्र काढलं नाही, नुसती फेरी. आम्हीसुद्धा आधी कच्चा टाका घालतो, अंगावर बघतो, मगच मशीन मारतो.

तिसऱ्यांदा खरं. "पहिलं तीन मिनिटांचं. आवाज चालू असताना गिळू नका, थांबला की गिळा." मानेच्या चित्रात गिळलं तरी धूसर येतं. आणि गिळू नका म्हटलं की तोंडात पाणी सुटतंच, हे मात्र तिला बदलता येणार नाही.

आवाजाबद्दल सगळे घाबरवतात. मोठा आहेच, शंभर डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे, वरून हेडफोन. चुंबकाच्या आत तारांची वेटोळी असतात, त्यांतली वीज भराभर चालू-बंद होते आणि ती वेटोळी थरथरतात, म्हणून तो ठोका. पण मी आयुष्य आवाज करणाऱ्या मशिनांत काढलंय. पहिला आवाज आला आणि मला ओळख पटली: ओव्हरलॉक! दुसरा पिकोसारखा, बारीक आणि चिरका. तिसरा जाड, सुई जीन्सच्या चार पदरांत अडकून ठोकते तसा. मग मी मनात एक ब्लाउज कापायला घेतला. अडतीस छाती, कटोरी, अस्तराचा, कोपरापर्यंत बाही. तीन मिनिटांत पाठ कापून झाली. श्वास घेताना टाका वर, सोडताना खाली, आणि घ्यायचा लांब, सोडायचा त्याच्यापेक्षा लांब.

दुसऱ्या आवाजाच्या शेवटी नाक खाजायला लागलं. नाक कसलं, बोगदाच आला. मासळीचा वाससुद्धा आला, खोटं नाही सांगत. मी चेंडू दाबला. "बोला काकू," ताबडतोब. टेबल लगेच बाहेर आलं. पिंजरा काढला नाही, म्हणाली मान हलवू नका, मीच नाक खाजवते. आणि तिने खाजवलं! कुणाच्या तरी लेकीने सकाळी सव्वासातला माझं नाक खाजवलं. पायाशी वन्संनी अंगठा घट्ट धरलेला. मग ती म्हणाली, "झालेली दोन चित्रं वाया नाही गेली. उरली तीन. मिनिटभर थांबू, मग तुम्ही सांगाल तेव्हा." मला वाटलं होतं दाबला की सगळं पहिल्यापासून. तसं नसतं हो. मान जागची हलली नसेल तर झालेलं झालेलं. हे जर लोकांना माहीत असेल तर निम्मे जण दाबणारच नाहीत, कारण दाबता येतं हे माहीत असतं.

उरलेल्या तिन्हींत कटोरी लावली, मुंढे जोडले, बाह्या चढवल्या. उजवी बाही जरा जास्त भरली. हुकांची पट्टी राहिली होती तेवढ्यात तिचा आवाज आला, "झालं काकू." फेऱ्या आणि नाक धरून एकूण बत्तीस मिनिटं. आतली चित्रांची बावीस.

श्रेय कुणाला किती, असं डॉक्टरांनी विचारलं. चार आणे गोळीला, चार आणे त्या चार इंचांना. आठ आणे त्या मुलीला, आणि त्यातले दोन ती वन्संना देईल तर माझी हरकत नाही.

आता कापलेला तारा. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सकाळी सातपासून बातम्यांची भांडणं, मोठ्या आवाजात. घाबरलेला माणूस तिथे वीस मिनिटं बसला तर आत जायच्या आधीच बिघडेल. रिमोट कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देतो म्हणाले, मिळाला तिसऱ्या दिवशी दुपारी, दोनदा फोन केल्यावर. पैसे सात हजार, आणि सीडीचे दोनशे वेगळे. ते आधी सांगितले नव्हते. आत थंडी बेताची नाही, आणि पांघरूण म्हणजे पंचा. कुडकुडलं की माणूस हलतो आणि हललं की चित्र जातं, एवढं त्यांना कळायला हवं. पार्किंग नाही, रिक्षानेच जा.

आणि गाऊन. त्या गाऊनबद्दल मी एक तारा नाही, दीड कापणार होते. नाड्या पाठीमागे, म्हणजे ज्या बाईचा हात बधिर झालाय म्हणून ती आलीय, तिने त्या पाठीमागे बांधायच्या! मुंढा इतका तोकडा की हात बाजूला ठेवला की काखेत काचतो. आधीच छातीत धडधडतंय, त्यात काखेत काचतंय. शिलाई एकेरी, टाके लांब, दोन ठिकाणी उसवलेलं. मापात एकच साइज, तो सगळ्यांना तोकडा.

रिपोर्टमध्ये मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली चकती सरकलेली निघाली, नस तिथेच दाबली जातेय. ऑपरेशन आत्ता नको म्हणाले. व्यायाम दिलेत, मशीनचं टेबल सहा इंच उंच करून घेतलंय, दर अर्ध्या तासाने उठायचं. मुंग्या कमी आहेत, दोरा अजून भाचाच ओवून देतो.

रिपोर्ट आणायला गेले तेव्हा एक नमुन्याचा गाऊन शिवून घेऊन गेले होते. पॉपलीनचा, नाड्या पुढे डाव्या कुशीवर, मुंढा दीड इंच खाली, दोन्ही बाजूंना पुरेशी माया. धातू औषधालाही नाही. शिलाईचा दर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला. हो, खिसासुद्धा लावलाय. त्या मुलीला फार आवडला, मालकांना दाखवते म्हणाली. अजून फोन नाही आलेला.